खिडकीशेजारचं टेंगूळ

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळे पुट्टी म्हणतात. पाठीमागेच नव्हे, तोंडावरही. भिंतीतली भोकं, भेगा आणि खड्डे भरायला रंगारी जो पांढरा लगदा वापरतात ती पुट्टी, आणि ती भरण्यात हिचा हात धरणारं कोणी नाही. भोक कुठे होतं हे ते पाडणाऱ्यालाही सापडू नये, इतकं साफ बुजवते. हे मी कौतुकाने सांगते आहे खरी, पण तिच्या आयुष्याची माती ह्याच कौतुकाच्या गोष्टीने केली.

मी तिची धाकटी जाऊ. तिला ताई म्हणते. गेली अठरा वर्षं तिच्याबरोबर रंग कालवते, शिडी धरते आणि तिच्या वतीने लोकांवरचा राग मनात धरते. हे शेवटचं काम मला फार चांगलं जमतं. माझ्या लग्नात ज्या आतेसासूबाईंनी माझ्या उंचीवरून विनोद केला, त्यांच्या घरी मी अजून पाणी पीत नाही. त्यांना बिचाऱ्यांना पत्ता नाही. त्या दर वेळी चहा विचारतात आणि मी म्हणते, आत्ताच झाला.

ताईचा मुलगा पोटात होता तेव्हाची गोष्ट. सातवा महिना चालू होता आणि ती एका रंगाच्या ठेकेदाराकडे कामाला होती. ठेकेदाराने स्वतःच्या घराचं काम काढलं. घराच्या मागच्या बाजूला कोठीची खोली होती, एका खिडकीची. खिडकीशेजारी छातीच्या उंचीवर जुन्या नळाचा पाइप काढल्याचं भोक होतं. ताईने ते बुजवलं, घासकागद फिरवला, प्रायमर मारला आणि डबा खायला अंगणात जाऊन बसली. दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच ठेकेदाराची बायको समोर येऊन उभी राहिली.

"खिडकीजवळचं भोक तू बुजवलंस ना?"

"हो, बाईसाहेब."

"मग आत जे होतं ते काढ बाहेर."

आत त्यांची अंगठी होती. लाल खड्याची, चार पाकळ्यांची, सोन्याची. घरात रंगारी येणार म्हणून त्यांनीच ती निळ्या चौकड्यांच्या रुमालात गुंडाळून भोकात दडवली होती. कपाट, गादी, डाळीचा डबा ह्या जागा चोराला तोंडपाठ असतात, भिंतीतल्या भोकात कोण बघतंय, असा त्यांचा विचार. अक्कल होती, नाही असं नाही. फक्त रंगारी आले की आधी भोकंच बुजवतात, हे रंगाच्या ठेकेदाराच्या बायकोला ठाऊक नव्हतं.

"आत काही नव्हतं," ताई म्हणाली. "पोटातल्या पोराची शपथ."

मग अंगणात सगळ्यांसमोर तिची पिशवी रिकामी केली. वरच्या मजल्यावरच्या बाई हौसेने पुढे आल्या आणि एकेक वस्तू उचलून दाखवू लागल्या. कंगवा. लोहाच्या गोळ्या. बाळासाठी विणायला घेतलेलं अर्धं टोपडं, सुया तशाच खोचलेल्या. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री टेकवून बघत होता आणि हसत होता. अंगठी मिळाली नाही तेव्हा ठेकेदारीणबाईंनी जे वाक्य म्हटलं, ते आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारत नाही. त्या म्हणाल्या, "रंगाच्या हातांना सगळंच चिकटतं."

कोणीतरी म्हणालं, एकदा भिंत फोडून बघा की. ठेकेदार म्हणाला, आत्ता केलेली भिंत फोडू? वेड लागलंय? भिंत तशीच राहिली. त्यापेक्षा बाई फोडणं स्वस्त पडलं.

पोलिसात कोणी गेलं नाही. त्याची गरजच नव्हती. ठेकेदार मंडळी संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात, आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. तेव्हापासून ताईला घराच्या आतलं काम मिळालं नाही. चोरीचा आळ असलेल्या बाईला उंबऱ्याच्या आत कोण घेणार? तिला मिळाल्या बाहेरच्या भिंती. कुंपणं, जिने, गच्चीचे कठडे, दोरीच्या झुल्यावर बसून रंगवायच्या चार-चार मजली बाजू. ज्या बाईच्या हातात आरशासारखी भिंत करायची कला, तिने बावीस वर्षं उन्हात खडबडीत सिमेंटवर ब्रश आपटले. चेहरा करपला, गुडघे गेले, उजवा खांदा थंडीत वर होत नाही.

एवढंही मी सोडून दिलं असतं. म्हणजे नसतंच दिलं, पण कदाचित. पण तिचा मुलगा नऊ वर्षांचा असताना एके दिवशी शाळेतून आला, दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आई, तू काय चोरलं होतंस?"

चोरलं होतंस का, असं नाही. काय, असं. ताई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं, त्याला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि खेळायला गेला. पुढे तो मोठा झाला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, पैसे पाठवतो, फोन करतो, चांगला आहे. पण ती शंका त्याच्या मनातून पुरती गेली नाही, हे ताईला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तिला त्या घराकडून दुसरं काही नको होतं. तिच्या पोराला पटायला हवं होतं, बस.

आता त्या आळानंतर बावीस वर्षांनी काय झालं ते.

आम्ही रंगाच्या दुकानात बसलो होतो. तिथे मागच्या बाजूला एक फळी आहे, तिच्यावर चुकलेले डबे असतात. गिऱ्हाईक एक छटा मागतं, मशीनवरचा माणूस दुसरी काढतो, किंवा घरी नेल्यावर नवरा म्हणतो हा कसला दवाखान्याचा हिरवा, आणि डबा परत येतो. ते डबे पाव किमतीत जातात. झाकणावर आतल्या रंगाचा एक ठिपका लावलेला असतो, तो बघून निवडायचे. त्या फळीसमोर एक पोरसवदा बाई उभी होती. आठवा महिना असावा. एकेक झाकण उजेडाकडे धरून बघत होती आणि दर वेळी किंमत विचारत होती.

"कुठे लावायचाय?" ताईने विचारलं. तिला राहवत नाही.

"बाळाची खोली करायचीय, मावशी. म्हणजे खोली कसली, अडगळ आहे. सासऱ्यांचा मोठा धंदा होता म्हणे, त्यांच्या आजारपणात गेला सगळा. आता ह्यांच्या एकट्याच्या पगारात बसवायचंय. रंगारी लोक जो भाव सांगतात ना, त्यात मी बाळाला अजून एक भाऊ वाढवीन."

आम्ही हसलो. पोरगी गोड होती. मग तिने पत्ता सांगितला, आणि ताईच्या हातातलं झाकण तसंच हातात राहिलं.

"मी करून देते," ताई म्हणाली. "मजुरी तुम्हाला झेपेल ती. सामान चुकलेलंच वापरू, घरातलं जुनं काय असेल ते काढून ठेवा."

पोरगी जवळजवळ पाया पडायची राहिली. ती गेल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, तू त्या घरात बाळाची खोली सजवणार? त्या बाईच्या नातवाची?"

"हो."

"का?"

"आत जायला मिळतंय," ती म्हणाली. "बाकीचं आत गेल्यावर बघू."

बाकीचं मी बघून ठेवलं. रस्त्यापलीकडच्या कागदांच्या दुकानातून एक जाड काळा मार्कर घेतला. रंगकामातल्या कुठल्याही माणसाला विचारा, मार्करची शाई ही महाबिलंदर वस्तू. तिच्यावर पाण्याचे रंग कितीही चढवा, ती दबून बसते आणि काही महिन्यांनी, दमट दिवस आले की, हळूहळू वर येते. भिंतीवर आधी ते वाक्य लिहायचं, टपोऱ्या अक्षरात, पाळण्याच्या बरोबर वर. मग त्यावर सुंदर रंग. बाळ रांगायला लागेल तेव्हा आजीबाईंचं बोलणं आजीबाईंना भिंतीवर वाचायला मिळेल. मी मार्कर पिशवीत टाकला आणि ताईला सांगितला बेत. ती नको म्हणाली नाही.

पहिल्या दिवशी दार ठेकेदारीणबाईंनीच उघडलं. केस पांढरे, चष्मा जाड, अंगावर विटका गाऊन. त्यांनी ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर काढा. मागच्या दाराने या."

ओळखलंसुद्धा नाही. जिचं आयुष्य उलटंपालटं केलं तिचा चेहरा लक्षात ठेवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. ताईच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

आम्ही अडगळ उपसली. खोली तीच. तीच खिडकी, तेच लाल फरशीचे तुकडे. सून दारात स्टूल टाकून बसली आणि आनंदाने काय काय दाखवू लागली. जुनं कपाट, त्याचे खण चांगले होते. त्यांना चाकं लावली तर खेळण्यांच्या पेट्या होतील. दोन फिक्या चादरी, त्यांचे पडदे. एक मोडकी शिडी, तिच्या पायऱ्यांचं शेल्फ. आंघोळीचा स्पंज माशाच्या आकारात कापून रंगात बुडवून भिंतीवर उमटवला की कागदी पट्टीचे पैसे वाचतात, हे ताईने तिला सांगितलं तेव्हा ती टाळ्या पिटायची बाकी होती. मला त्या पोरीचं वाईट वाटत होतं आणि वाईट वाटतंय ह्याचा राग येत होता.

मधल्या खोलीतून कुलपाचा आवाज आला. एक कपाट, दुसरं कपाट, मग ड्रॉवर. मग ठेकेदारीणबाई आपल्या सुनेला हाक मारून सांगत होत्या, आणि आवाज खाली करण्याची तसदीही त्यांनी घेतली नव्हती: "तिथून हलू नकोस. लक्ष ठेव. रंगाच्या हातांना सगळंच चिकटतं."

सून लाजेने लाल झाली. "मावशी, त्या तशा… मनावर घेऊ नका."

"नाही घेत," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "उद्या मार्कर काढ."

दुसरा दिवस उजाडला. लिहायच्या आधी जुना रंग खरवडायचा होता. मी दाराकडची भिंत घेतली, ताईने खिडकीची. खरवडायच्या पत्र्याचा खर्र खर्र आवाज चालू होता आणि मधेच तिच्या बाजूचा थांबला. मी वळून पाहिलं. ती बोटाच्या पेराने भिंत वाजवत होती. टक, टक, टक, आणि मग एके ठिकाणी ढब.

"माझी पुट्टी आहे," ती म्हणाली.

तेव्हा ती खडूची पूड आणि अळशीचं तेल घेऊन स्वतः मळायची. आता सगळे पोत्यातली वापरतात. बावीस वर्षांनी ती पिवळट पडली होती, पण तिने स्वतःचं अक्षर ओळखावं तशी ओळखली. पत्र्याच्या कोपऱ्याने कड कोरली. थाळीएवढी नाही, वाटीएवढी चकती अख्खीच्या अख्खी सुटून तिच्या तळहातावर आली. मागे भोक. भोकात निळ्या चौकड्यांचं कापड.

ताई खाली बसली. पडली म्हणा. मी धावत गेले. मला वाटलं, भोवळ आली की काय. आणि मग मला कळलं, निळ्या चौकड्यांचं कापड म्हणजे काय.

"ताई! आहे! इथेच आहे! कधीच गेली नव्हती!" मी नाचायला लागले होते. हात पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं, असं की दुसऱ्या दिवशी वळ होते.

"हात लावू नकोस." मग हळूच, दाराकडे बघून, "चिंधी तेव्हाच दिसली होती मला. वाटलं, आधीच्या गवंड्याने कोंबलीय. खोल भोकात आपण कोंबतोच की काहीतरी, पुट्टी वाचवायला. मी म्हटलं, बरं झालं, माझं काम वाचलं. बोटसुद्धा घातलं नाही आत. आणि शपथ घेतली की भोक रिकामं होतं. पोटातल्या पोराची."

हे मला झेपायला एक मिनिट लागलं. चोर ती नव्हतीच. पण अंगठी भिंतीत गाडली ती तिच्याच हाताने, आणि रिकामं होतं म्हणाली ते न बघता म्हणाली. माझ्या डोक्यात जे पहिलं आलं ते मी बोलले. "हे कोणालाही सांगायचं नाही. तोंडाला कुलूप लाव. त्यांनी तुझं काही ऐकलं होतं? आता आपणही ऐकवायचं तेवढंच ऐकवायचं."

तिने ती चकती जपून खिडकीत ठेवली. मग उठली, तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "सगळ्यांना बोलाव. इस्त्रीवाल्यालाही. वरच्या बाईंनाही. जे जे होते ते."

मी बोलावलं. असं धावत मी शाळेतही गेले नव्हते. इस्त्रीवाला आता म्हातारा, त्याचा मुलगा इस्त्री करतो आणि हा खुर्चीत बसून असतो. तो काठी टेकत आला. वरच्या बाई जिन्यावरून कुरकुरत उतरल्या. ठेकेदारीणबाईंचा मुलगा सुट्टीच्या दिवशी घरीच होता, हातात वर्तमानपत्र घेऊन आला. सून त्याच्या मागे. ठेकेदारीणबाई सगळ्यांत शेवटी, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "काय फोडलंत?"

ताईने डोक्याचा रुमाल सोडला. "बाईसाहेब, मला नीट बघा."

त्यांनी चष्मा वर केला. मग खाली केला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख यायला वेळ लागला, आणि ती कशी येत गेली ते मी डोळे भरून पाहिलं. मी खोटं का बोलू, तो माझ्या आयुष्यातल्या चांगल्या क्षणांपैकी एक होता.

"ही पुट्टी माझी," ताईने चकती दाखवली. "भोक तेच. आत काहीतरी आहे. तुम्ही काढा."

"मी? तूच काढ."

"मी हात लावणार नाही. रंगाच्या हातांना सगळंच चिकटतं."

वरच्या बाई जिन्याकडे निघाल्या होत्या, त्यांची वाट मी अडवली. ठेकेदारीणबाई पुढे झाल्या, दोन बोटं भोकात घातली आणि रुमाल ओढला. तो कुजला होता, काढताना फाटला. अंगठी फरशीवर पडली आणि घरंगळत सुनेच्या पायाशी जाऊन थांबली. लाल खडा, चार पाकळ्या.

मुलाने विचारलं, "आई, ही ती? बाबा नेहमी सांगायचे ती? एका कामवालीने नेली म्हणून?"

इस्त्रीवाला काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही पोटुशी, आणि अंगणात तुमची पिशवी उलटी केली, तेव्हा मी हसलो होतो, बाई. चूक झाली." न मागता म्हणाला. मी त्याला त्याच दिवशी माझ्या रागाच्या यादीतून काढून टाकलं.

सुनेने अवघडत वाकून अंगठी उचलली आणि सासूच्या हातात दिली. ठेकेदारीणबाईंनी ती लगेच ताईपुढे धरली. "ही तूच घे. तुझ्याकडेच राहू दे. झालं गेलं…"

"मी घेऊन जाऊ?" ताई म्हणाली. "म्हणजे शेवटी नेलीच, असं म्हणायला तुम्ही मोकळ्या."

"मग काय हवंय तुला?"

मला वाटलं, आता. आता पिशवी रिकामी करायला लावेल, माफी मागायला लावेल, त्याच अंगणात, गुडघ्यांवर. मी तर मनातल्या मनात जागा ठरवून टाकली होती. ताईने डब्यातून पुट्टीचा गोळा काढला, हातावर मळला आणि त्यांच्यापुढे धरला.

"भोक बुजवा."

"मला कुठे येतं ते?"

"म्हणूनच. तुम्ही बुजवायचं, तुम्हाला येतं तसं. मी ते घासणार नाही, सारखं करणार नाही. वर रंग लावीन, पण टेंगूळ तसंच राहील. पाळणा इथेच येणार आहे. माझ्या पोराने नवव्या वर्षी मला विचारलं होतं, आई, तू काय चोरलं होतंस. आता हे बाळ बोलायला लागेल तेव्हा तुम्हाला विचारेल, आजी, हे काय आहे. तेव्हा खरं सांगायचं. एवढंच हवंय."

"हे काहीतरीच," मुलगा म्हणाला. "आई म्हातारी आहे."

तेव्हा सून बोलली. एक हात पोटावर, एक भिंतीवर. "आई, बुजवा," ती म्हणाली. "अशा दिवसांत कोणी माझी पिशवी उलटी केली असती तर?"

ठेकेदारीणबाईंनी पुट्टी घेतली. ती त्यांच्या बोटांना चिकटली, मनगटाला चिकटली, गाऊनला चिकटली. त्या ढोसत होत्या आणि ती बाहेर येत होती. कोणी मदत केली नाही. शेवटी एक ओबडधोबड गोळा भिंतीवर बसला, त्यावर त्यांची चार बोटं उमटलेली. ताई शेजारी उभी होती आणि तिचे हात शिवशिवत होते. भिंत वाकडी राहिलेली तिला बघवत नाही, इतर बायकांना नासलेलं दूध बघवत नाही तसं. तिने ते हात काखेत दाबून धरले.

त्या संध्याकाळी तिने मुलाला फोन केला. "सापडली," एवढंच म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा त्याचाच फोन. "कुठे होती?" ताईने सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. गवंड्याच्या चिंधीचं तिने त्याला सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही.

खोली आम्ही पूर्ण केली. तशी खोली मी परत पाहिली नाही. दवाखान्याच्या हिरव्यात अर्धा डबा चुकलेला पिवळा कालवला तर कोवळ्या पानाचा रंग आला. स्पंजाचे निळे मासे छातीच्या उंचीवर खोलीभर रांगेने फिरले. त्या मार्करने मी शेवटी माशांचे डोळे काढले. ते कितीही वेळा वर आले तरी चालणार होतं. चादरीचे पडदे, चाकांचे खण, रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या रंगवून दोऱ्याने टांगलेलं झुंबर. सगळी खोली गुळगुळीत, आणि खिडकीशेजारी ते टेंगूळ. माशांची रांग तिथे आली तेव्हा ताईने एक मासा त्याच्या वरून उडी मारणारा केला.

वरच्या बाईंनी पुढच्याच महिन्यात बैठकीची खोली आम्हाला दिली. मी भाव दुप्पट सांगितला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून ताई घरांच्या आत काम करते.

गेल्या आठवड्यात, म्हणजे तीन वर्षांनी, सुनेचा निरोप आला. दाराशेजारी ओल आलीय, बघून जा. आम्ही गेलो. पुढच्या दाराने. खोलीत एक तीन वर्षांची चिमुरडी होती, पायात एकच मोजा. तिने आम्हाला पाहुण्यांसारखं सगळं फिरून दाखवलं. हा मासा, हा पण मासा, हा डोळे मोठे करून बघणारा मासा. ही माझी पेटी, ही चालते. खिडकीशी आली, टाचा उंचावून टेंगळावर हात ठेवला, बोटांच्या खड्ड्यांत बोटं घातली आणि त्याच सुरात म्हणाली, "ही आजीची चूक."

दाराशी ठेकेदारीणबाई उभ्या होत्या. खाली बघत होत्या. म्हणजे सांगितलं होतं त्यांनी. पोरीने विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की पेढा खावासा वाटला. मी ताईकडे बघितलं, म्हटलं, हिलाही तसंच वाटत असेल.

ताईने डबा उघडला. चिमूटभर पुट्टी घेतली, टेंगळाच्या कडेला, खालच्या बाजूला लावली आणि अंगठ्याने दाबली. पत्रा हातात असून सारखी केली नाही.

"आणि हे?" पोरीने विचारलं.

"ही माझी," ताई म्हणाली. "आत चिंधी होती. मी बोट घालून बघितलं नाही."

पोरीने आधी आजीच्या खड्ड्यांत बोटं घातली, मग ताईच्या अंगठ्याच्या ठशात अंगठा घातला, आणि तो तिथे बरोबर बसत नाही म्हणून हसायला लागली. ठेकेदारीणबाईंनी मान वर केली होती. त्या आत जाऊन स्वतःच्या हाताने चहा करून घेऊन आल्या, तिघींसाठी.

ताईने घेतला. मी म्हटलं, आत्ताच झाला.